चांगला धूर दिसत नाही

गेल्या चार दिवसांत थंडी एकदम वाढली. पहाटे गच्चीवर गेलो की मखमलाबादच्या बाजूला द्राक्षबागांवर धुराचा पातळ थर बसलेला दिसतो. पारा फार खाली आला की बागवाले ओळींच्या मधे काडीकचरा पेटवून धूर करतात, घडांना थंडी बाधू नये म्हणून. नाशकात राहायला आलो तेव्हापासून दर हिवाळ्यात पाहत आलेलं हे दृश्य. आमच्या कॉलनीतली मंडळी त्याचे फोटो काढून एकमेकांना पाठवतात. मी मात्र तो धूर दिसला की खाली येतो आणि मागच्या खोलीची खिडकी उघडी आहे ना, ते पाहतो. त्या खोलीत सध्या कुणी राहत नाही. खिडकी उघडीच असते. तरी मी रोज पाहतो.

मी भित्रा माणूस आहे. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही, कारण घरात आणि गल्लीत ते सगळ्यांना ठाऊकच आहे. गॅसचं बटण बंद केल्यावर मी फाटकापर्यंत जातो आणि परत येऊन ते पाहतो. इस्त्री, पाण्याची मोटर, गाडीचा टायर, पतंगाचा मांजा, उतू जाणारं दूध, कशाकशाची भीती वाटावी याला माझ्याकडे काही मर्यादा नाही. माझी बायको शैला म्हणते, "ह्यांना स्वर्गात नेलं तरी हे आधी तिथलं वायरिंग बघतील." सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि तिथे हा स्वभाव कामाला आला. प्रत्येक डब्याला चिठ्ठी, प्रत्येक कपाटाजवळ वाळूची बादली. निरोपसमारंभात साहेब म्हणाले, "यांच्या स्टोअरमध्ये कधी ठिणगीसुद्धा उडाली नाही." लोक हसले, मीही हसलो.

अशा माणसाच्या अंगणात गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर आगीचं एक कपाट येऊन उभं राहिलं.

ते आमच्या जावयाचं, निखिलचं. निखिल पुण्यात नोकरी करतो. मंद आचेवर, धुरावर, आठ-आठ तास मांस शिजवायचा त्याला नाद आहे. त्यांच्या सोसायटीत धूर करायला बंदी, म्हणून त्याने ते कपाट सरळ आमच्या पत्त्यावर मागवलं. "पपा, तुमच्याकडे अंगण आहे," एवढंच तो फोनवर म्हणाला. जावयाला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. शिवाय आमची केतकी तेव्हा बाळंतपणाला माहेरी आली होती, आठवा लागला होता, आणि बारशाला मित्रमंडळींना आपल्या हातचं खिलवायचं असं निखिलने ठरवलं होतं. टेम्पोतून ते धूड उतरवायला तीन माणसं लागली. मी जीव मुठीत धरून बाजूला उभा होतो.

माझ्या छातीएवढं उंच, काळं, चाकांवर उभं असलेलं लोखंडी कपाट. त्याला स्मोकर म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. भिंती दुहेरी, मधे उष्णता अडवणारी लोकर भरलेली. तळाशी कोळशाची पेटी, तिच्यावर पाण्याची परात, वर जाळ्या. खाली हवा आत घ्यायची दोन झडपं आणि वर धूर सोडायचं एक लहानसं धुराडं. निखिलने व्हिडिओ कॉलवर एकेक भाग समजावून सांगितला आणि शेवटी मला धीर द्यायला म्हणाला, "पपा, यात घाबरण्यासारखं काही नाही. आत कितीही तापलेलं असू दे, बाहेरून हात लावलात तरी चटका बसणार नाही. इन्सुलेशनच तसं आहे."

मला नेमकं तेच भयंकर वाटलं. चूल तापते, तवा तापतो, आणि तापला की तसं कळतं. हे कपाट पोटात निखारे घेऊन शांत उभं राहणार आणि बाहेर कुणाला पत्ता लागणार नाही. त्या दिवशी मी जेवलो नीट, पण झोपताना ते रिकामं, न पेटवलेलं कपाट अंगणात एकटं आहे या विचाराने दोनदा उठलो.

मग मी त्याची तयारी करायला लागलो. लोक अशा यंत्राला मांस टांगायचे आकडे, जाळ्या, सुऱ्या, चिमटे असल्या वस्तू जोडतात. निखिलने त्यांची यादी पाठवलीच होती, आणि अंबडच्या एका वेल्डरकडून मी ते आकडे करूनही आणले. पण माझी स्वतःची यादी वेगळी होती. वाळूच्या दोन बादल्या. आग विझवायचं लाल नळकांडं. कोपरापर्यंत येणारे चामडी हातमोजे. कपाट घरंगळू नये म्हणून चाकांना साखळी. उष्णता दाखवणारं घड्याळ दारावर होतंच, पण त्यावर माझा विश्वास बसेना, म्हणून तारेचा आणखी एक तापमापक. मोटरसायकलच्या सीटा शिवणाऱ्याकडून रेक्झिनचं जाड आवरण शिवून घेतलं. शैला गच्चीवरून हे सगळं बघत होती. "लग्नात मला एवढे दागिने घातले नव्हते," ती म्हणाली, आणि केतकी पोटावर हात ठेवून हसली. त्या हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

पहिल्यांदा पेटवलं ते रिकामंच. आतून तेल चोळायचं आणि दोन-तीन तास तापवायचं, म्हणजे लोखंड तयार होतं. निखिल फोनच्या पडद्यावर, मी हातमोजे घालून अंगणात. द्राक्षाच्या जुन्या बागेतल्या खोडांचे वाळलेले तुकडे मी मखमलाबादहून आणले होते. ते निखाऱ्यावर पडले मात्र, धुराड्यातून पांढराशुभ्र, दाट धूर भसाभसा निघाला. शेजारचे काका गच्चीवर येऊन ओरडले, "अहो, काय जळतंय?" माझा हात बादलीकडे गेला. निखिल तिकडे हसत होता.

"पपा, हा वाईट धूर. थांबा थोडं. आता निळसर होईल, मग दिसेनासाच होईल. चांगला धूर दिसत नाही."

तसंच झालं. तासाभराने धुराड्याच्या तोंडाशी हवा नुसती थरथरताना दिसायची, बाकी काही नाही. मी स्टोअरकीपर माणूस. एका चिठ्ठीवर ते वाक्य लिहून मी कपाटाच्या बाजूला चिकटवलं: चांगला धूर दिसत नाही.

हळूहळू मला त्या कपाटाचा लळा लागला, हे सांगताना आज अंगावर काटा येतो. झडप बोटभर उघडलं की आच किती चढते, अर्धं मिटलं की किती उतरते, हे मला कळायला लागलं. शैलाने भरतासाठी वांगी ठेवून पाहिली. ती व्हायला तीन तास लागले. "गॅसवर दहा मिनिटांत होतात," ती म्हणाली, पण भरीत तिने दोनदा वाढून घेतलं. दाराच्या कडेने कुठे हवा शिरते ते शोधायला मी एक युक्ती काढली. पेटती उदबत्ती हातात धरून दाराच्या कडेकडेने फिरवायची. जिथे धुराची रेघ वाकते, तिथे फट आहे. कपाटासोबत पांढऱ्या, चिकट पाठीच्या जाड पट्टीचं एक वेटोळं आलं होतं. फट सापडली की तिथे ती पट्टी लावायची. दोन दिवसांत माझं कपाट असं घट्ट झालं की उदबत्तीची रेघ सगळीकडे सरळ वर जायची. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. पट्टी बरीच उरली होती, ती मी खोक्यात जपून ठेवली.

डिसेंबरात नात झाली. सई. दवाखान्यातून घरी आणली त्या आठवड्यात थंडीचा कडाका होता. बाळ-बाळंतिणीला मागची खोली दिली, कारण ती लहान आणि उबदार. आणि हिराबाई यायला लागल्या.

हिराबाई मखमलाबादच्या गावठाणात राहतात. आमच्या भागातल्या निम्म्या पोरांना जन्मल्यावर त्यांनीच न्हाऊ घातलं आहे. साठीच्या, उंच, रुंद पंजाच्या. पाट घेऊन बसायच्या, पाय लांब करायच्या, पायांवर बाळ पालथं घालायच्या आणि गरम पाण्याची धार धरताना त्याच्याशी बोलत राहायच्या. "कोन आली? पुण्याची मालकीन आली! रडाया काय झालं गं, पानी हाय, वाघ नाय." मला ते बघायची हिंमत व्हायची नाही. एवढासा जीव, तेलाने निसटता, आणि खाली फरशी. मी दाराआडून विचारायचो, "हिराबाई, धरलंय ना नीट?" त्या वळूनही न बघता म्हणायच्या, "भाऊ, तुमी जा बरं तुमच्या भट्टीकडं."

आंघोळीनंतर धुरी आणि शेक. गवऱ्यांचे निखारे शेगडीत घ्यायचे, त्यावर ओवा, बाळंतशोपा, वावडिंग टाकायचं, आणि शेगडी खाटेखाली सारायची. खोली धुराने भरायची. हिराबाई दार लोटायच्या, पण पूर्ण नाही. पायपुसणं दुमडून फटीत सारायच्या आणि दार वीतभर किलकिलं ठेवायच्या. "धूर कोंडला तर लेकरू खोकंल," त्या म्हणायच्या.

त्या वीतभर फटीने माझी झोप उडवली. बाहेर एवढी थंडी, आणि आत उघड्या दारातून वारा. बाळंतिणीला वारा लागला तर? बाळाला सर्दी झाली, छाती भरली तर? शिवाय तो धूर. एवढ्याशा फुप्फुसात गवरीचा धूर! एके दुपारी केतकी आणि बाळ पुढच्या खोलीत असताना मी उदबत्ती पेटवली आणि मागच्या खोलीच्या दाराच्या कडेने फिरवली. रेघ चार ठिकाणी वाकली. खिडकीशी तर ती आडवीच झाली. मी खोक्यातून पट्टी काढली. दाराच्या चौकटीला सगळीकडून पट्टी, उंबऱ्याशी दुहेरी पट्टी, खिडकीच्या फटींना रुंद चिकटटेप. पुन्हा उदबत्ती फिरवली. रेघ सरळ वर गेली.

"बघ, आता कशी ऊब राहील," मी शैलाला म्हणालो. ती म्हणाली, "कधी नव्हे ते तुमच्या भीतीचा उपयोग झाला." त्या दिवशी आम्ही दोघंही खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहालाच स्मोकर पेटवला होता. शनिवारी निखिल येणार, त्याआधी एकदा कोंबडी करून पाहायची होती. हिराबाई आल्या, आंघोळी झाल्या, आणि त्या गवऱ्या पेटवायला निघाल्या तेव्हा मी त्यांना अडवलं.

"हिराबाई, आजपासून धूर नको खोलीत. पोरीच्या छातीत जाईल."

"मंग शेक कसा द्यायचा, भाऊ? शेगडीबिगर?"

"मी देतो ना निखारे. बिनधुराचे."

मी हातमोजे चढवले, कपाटाची खालची पेटी उघडली आणि लालबुंद, राख धरलेले कोळसे चिमट्याने एकेक करून शेगडीत भरले. शेगडी काठोकाठ भरली. धुराचं नाव नाही. हिराबाई वाकून बघत राहिल्या.

"ह्याला वास बी नाय हो."

"तेच तर चांगलं आहे. आता दार पूर्ण लावून घ्या. पायपुसणं ठेवू नका. ऊब राहू दे."

त्या थोड्या घुटमळल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी शिकल्याले, तुमाला ठावं." शेगडी खाटेखाली गेली, दार लागलं. पट्टी नवी होती, दार बसताना जड, मऊ आवाज झाला. कपाटाचं दार बसताना होतो तसाच. हिराबाईंना आणखी दोन घरं करायची होती, त्या गेल्या. मी अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसलो, तापमापकाचा काटा बघत.

त्या तासाभरात मला कसलीही भीती वाटली नाही. जन्मभर घाबरत आलेला मी, त्या एका तासात निवांत बसून होतो. चहा प्यालो. उन्हात डोळा लागला असावा. हे मला अजून सहन होत नाही.

शैलाची हाक आली, "अहो!"

ती हाक साधी नव्हती. मी उठलो आणि वाळूची बादली उचलली. आगीसाठीच तर सगळी तयारी केली होती. बादली घेऊन धावत मी मागच्या खोलीत शिरलो, आणि आग शोधायला लागलो. आग नव्हती. धूर नव्हता. खोलीत छान ऊब होती. शैला डिंकाच्या लाडवाची वाटी हातात घेऊन उभी होती आणि केतकीला हलवत होती. केतकीचं डोकं एका बाजूला कललेलं. चेहऱ्यावर लाली होती, झोपेत असावी तशी. ती काहीतरी पुटपुटली, पण डोळे उघडेनात.

"काय जळतंय? कुठे जळतंय?" मी विचारत होतो.

"काही जळत नाहीये! अहो, ती उठत नाहीये! सईला बघा!"

मी सईचा हात उचलला. सोडला तर तो पडला.

मला पुढचं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. खिडकी उघडेना, टेप मीच घट्ट लावली होती. बादली उगारून काच फोडली. वाळू आणि काचा सगळीकडे. थंड वारा आत शिरला. शैलाने सईला उचलून अंगणात पळवलं, मी केतकीला काखेत धरून ओढत बाहेर आणलं. माझी एवढी मोठी मुलगी, आणि ती पाय टाकत नव्हती. शेजारच्या काकांनी गाडी काढली. अंगणातल्या गार हवेत, स्मोकरच्या शेजारी, शैला सईला तोंडाशी धरून "बाळा, बाळा" करत होती. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग सईने एक आचका दिल्यासारखा श्वास घेतला आणि बारीक, चिरका टाहो फोडला. मी तिथेच फरशीवर बसलो, काकांनी मला हाताला धरून गाडीत घातलं.

दोघींना प्राणवायू लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी केतकी पूर्ण भानावर आली आणि तिने आधी बाळ मागितलं. आता सगळं ठीक आहे, सई ठणठणीत आहे, चालायला लागली आहे. पण त्या दिवशी डॉक्टर बाहेर येऊन जे बोलल्या ते माझ्या कानात बसून राहिलं आहे. "निखाऱ्यांचा वायू आहे. वास नाही, रंग नाही. बंद खोलीत कुठलीच शेगडी ठेवायची नसते. पण निदान धूर असता तर कुणीतरी खोकलं असतं, दार उघडलं असतं."

येवल्याला, माझ्या लहानपणी, आमच्या दोन खोल्यांत चुलीचा धूर कोंडायचा. शेजारी हातमागाचा खटखट आवाज, आणि आई डोळे पुसत दार धाडकन उघडायची. "धूर कोंडला रे," म्हणत आम्हाला ओसरीवर हाकलायची. आम्हाला वाटायचं, काय हा त्रास. आज वाटतं, तो धूर आम्हाला दरवेळी हात धरून बाहेर काढत होता. मी शहाणपणा करून त्याला घराबाहेर काढला आणि त्याच्यामागे दार लावून घेतलं. कपाट कसं घट्ट करायचं ते शिकलो, आणि माझ्याच मुलीच्या खोलीचं कपाट केलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "शेगडी कुणी ठेवली?" शैला म्हणाली, "न्हाऊ घालायला बाई येते, ती रोज ठेवते." मी तिथेच उभा होतो. ते खोटं नव्हतं. शेगडी हिराबाईंनीच ठेवली होती. मी काही बोललो नाही. पुण्याहून निखिल आला आणि म्हणाला, "त्या बाईला पुन्हा घरात घेऊ नका." तेव्हाही मी बोललो नाही. बोललो असतो तर केतकीने माझ्याकडे बघितलं असतं. त्या नजरेची मला इतकी भीती वाटली की जीभ उचलेना. उद्या सांगू म्हटलं. मग बारसं झालं, ते साधंच, मग ती पुण्याला गेली. सांगायचं राहिलं असं मी स्वतःला म्हणत आलो. राहिलं नव्हतं, मी ते दाबून ठेवलं होतं.

घटनेनंतर तिसऱ्या दिवशी हिराबाई आल्या होत्या. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, कारण फाटकातच थांबल्या. आत आल्या नाहीत. शैला दारात गेली आणि म्हणाली, "आता नको, हिराबाई." त्या म्हणाल्या, "लेकरू बरं हाय ना, वहिनी? मला तेवढंच सांगा." शैलाने मान हलवली. मी अंगणात स्मोकरला आवरण घालत होतो. हिराबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली वाकून आवरणाच्या नाड्या बांधायला लागलो. त्या नाड्या मी खूप वेळ बांधत होतो.

त्यानंतर स्मोकर पेटला नाही. मी मात्र त्याला जोडायची शेवटची वस्तू विकत आणली. हा वायू साठला की किंचाळणारं एक पांढरं, तळहाताएवढं यंत्र मिळतं. ते मी मागच्या खोलीत भिंतीवर लावलं. दर रविवारी बटण दाबून ते ओरडतं का पाहतो. दाराची पट्टी मी त्याच दिवशी नखांनी ओरबाडून काढली होती, पण चौकटीवर तिचा चिकट, काळपट पट्टा उरला आहे. शैला कधीची रंगवून घेऊ म्हणते. मी टाळतो.

परवा केतकीचा फोन आला. संक्रांतीला येते म्हणाली. सई आता सगळीकडे हात घालते, बागेत न्यायचंय, घड दाखवायचेत. "आणि पपा, निखिल म्हणतोय, यंदा स्मोकर पेटवू या. तुम्ही घाबरू नका." मग म्हणाली, "हिराबाई दिसतात का हो कधी? मला त्यांचा राग नाही. पण सईच्या जवळ नको."

शैला शेजारी तिळाला ऊन दाखवत बसली होती. मी म्हणालो, "केतकी, ते निखारे माझे होते." आणि मग सगळं सांगितलं. पट्टी, उदबत्ती, कपाटातले कोळसे, 'दार पूर्ण लावून घ्या'. एका दमात, डोळे मिटून. पलीकडे सई काहीतरी आपटत होती, तेवढं ऐकू येत होतं. शैलाचे हात तिळात थांबले होते. "गवऱ्यांची पाटी त्या दिवशी भरलेलीच होती, एकही गवरी जळली नव्हती," ती हळूच म्हणाली. "मी पाहिलं होतं. माझीही बोलायची हिंमत झाली नाही."

शेवटी केतकी म्हणाली, "माझ्याशी नंतर बोला, पपा. आधी हिराबाईंना सांगा." आणि तिने फोन ठेवला.

आज सकाळी गेलो. गावठाणात शिरताना दोनदा वाटलं, घरी कुणी नसेल तर बरं. हिराबाई ओट्यावर उन्हात बसल्या होत्या, एकट्याच, हात मांडीत धरून. वर्षभरात फार थकल्यासारख्या वाटल्या. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता. मला बघून त्या उठायला लागल्या.

"भाऊ? लेकरू बरं हाय ना?"

पुन्हा तोच प्रश्न. मी म्हणालो, "बरी आहे. चालते आता." मग उभ्या उभ्याच सांगितलं. "हिराबाई, तुमची काही चूक नव्हती. गवऱ्या असत्या, दार किलकिलं असतं, तर काही झालं नसतं. ते मी केलं. निखारे माझे, पट्टी माझी, दार मी लावायला सांगितलं. आणि मी वर्षभर गप्प बसलो."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता शिव्या देतील. द्याव्यात असंही वाटलं. त्यांनी आपले रुंद पंजे उलटेपालटे करून पाहिले.

"मला वाटलं, माह्याच हाताला काय झालं," त्या म्हणाल्या. "त्या दिसापासून मी सगळी घरं सोडली, भाऊ. पावसाळ्यात सुनंला पोरगा झाला. माहा सोताचा नातू. साऱ्या गावाला न्हाऊ घातलं, पन त्याला म्या अजून पायावर नाय घेतला. बाहेरची बाई लावली. सून म्हनती, आत्या, घ्या ना. मी म्हनते, नको बाई, माहा हात चांगला नाय."

आत बाळ रडतच होतं. हिराबाई थोडा वेळ त्या आवाजाकडे कान देऊन बसल्या. मग पदर खोचला आणि आत तोंड करून सुनेला हाक मारली.

"सोनाली, पानी काढ गं. आन त्याला इकडं आन."

आणि त्यांनी ओट्यावरच पाट ओढून घेतला, त्यावर बसल्या आणि दोन्ही पाय लांब केले.